हो म्हणणारी पेटी

मारतहळ्ळी, बंगळूर
३ ऑगस्ट १९९७

ती. जयसिंगकाकांना सुखदाचा नमस्कार.

काका, आपल्याला काय काय येतं हे सांगताना किती खरं बोलावं? माणसाचं विचारत नाही, यंत्राचं विचारते आहे. गेला आठवडाभर डोक्यात हाच भुंगा आहे आणि मला उत्तर येत नाही. इंजिनिअर झालेली पुतणी प्रेसमधल्या काकाला असलं विचारते म्हणून हसाल. हसा, पण उत्तर द्या.

तुमच्या पेपरची पानं लावायच्या खोलीत आमच्या कंपनीची ती करडी पेटी असते ना, जिच्या पोटात तुमची सगळी पानं, फोटो आणि जाहिराती राहतात, तिच्या आतला एक भाग नव्याने मांडायचं काम मला मिळालंय. तुमची ऑपरेटर आपलं मशीन सुरू करते, तेव्हा ते मशीन पेटीला सगळ्यात आधी विचारतं, "तुला काय काय येतं?" हॉटेलात बसल्यावर आपण "काय आहे?" म्हणतो आणि वेटर एका दमात सगळं म्हणून दाखवतो, तसं पेटी उत्तर देते. लांबलचक नावांच्या फाइली ठेवता येतात, एकाने उघडलेलं पान दुसऱ्यापासून अडवता येतं, वगैरे. ती जे "येतं" म्हणाली तेवढंच ते मशीन दिवसभर तिच्याकडे मागतं.

गंमत अशी की हे उत्तर आमच्या कोडमध्ये एका जागी लिहिलेलंच नाही. सोयी वाढत गेल्या तसतसा ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यातून "हे पण येतं" असा एकेक शब्द टाकलाय. म्हणजे एक पदार्थ स्वयंपाकघरातून कोणी ओरडतोय, दुसरा गल्ल्यावरून, तिसरा जिन्याखालून. ते सगळं गोळा करून एकच यादी करायची आणि पेटीने त्या यादीतून वाचून उत्तर द्यायचं, हे माझं काम. बाहेरच्याला फरक कळता कामा नये. उत्तर तेच राहायचं, ते तयार होण्याची रीत तेवढी बदलायची.

हा कोड मूळ लिहिला प्रियदर्शनी मॅडमनी. त्यांच्याबद्दल किती लिहू! म्हैसूरच्या आहेत. बाकीचे सगळे त्यांना नुसतं नावाने हाक मारतात, माझी जीभ वळत नाही, मी अक्का म्हणते. फळ्यावर काही समजावलं की खडू आपल्या हातात देतात आणि म्हणतात, "आता तू मला समजाव." मी पहिल्या दिवशी घाबरत म्हटलं, तुमचा कोड मी कसा मोडू? तर म्हणाल्या, "स्वल्प तडी, जरा थांब. कोड म्हणजे काय माझा मुलगा आहे? मोड की. मोडण्याआधी वाच, एवढंच."

म्हणून वाचत बसले आणि त्यात एक भलतीच गोष्ट सापडली. पेटी सगळ्यांना सांगते, "पानाचा एखादा तुकडा तेवढा अडवून ठेवता येतो." म्हणजे वरच्या भागात एकीने काम करावं, खालच्या भागात दुसरीने. काका, तिला हे येत नाही. तुकडा मागितला की ती अख्खं पानच अडवते. तरी "येतं" म्हणते. हे खोटं नाही का?

बाबांना सांगा, मी जेवते वेळेवर.

तुमची
सुखदा


बेळगाव
११ ऑगस्ट १९९७

चि. सुखदा, आशीर्वाद.

पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी बंगळुरात जाऊन यंत्राशी बोलाय लागली. कुठंतरी दाखवा लवकर." मी म्हटलं, मी तीस वर्षं शिशाच्या खिळ्यांशी बोललो, मला कुठं दाखवलंस?

आता तुझा प्रश्न. येत नसताना येतं म्हणणं वाईट, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण मी तुला माझं सांगतो. आमच्या मालकांनी, सयाजीरावांनी, प्रेसमध्ये कॉम्प्युटर आणायचे ठरवले तेव्हा आम्हा खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना एका ओळीत उभं करून विचारलं, "येईल का?" बाकीचे खरं बोलले. मी म्हणालो, "येईल की, त्यात काय!" तो उंदीर उजव्या हातात धरतात की डाव्या, हेही मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी तो पडद्यावरच टेकवला. ऑपरेटर मुली तोंडात पदर घालून हसल्या. पण शिकलो. जे खरं बोलले त्यातला एक जण आज एस.टी. स्टँडवर लॉटरी विकतो. तेव्हा माझ्याकडून तुला धड उत्तर मिळायचं नाही बघ.

पान अडवण्याचं मात्र मला नीट कळलं. आमच्या वेळी खिळे जुळवलेलं पान दगडावर असायचं. ज्याचं त्यात काम चालू असेल तो आपला चिमटा पानावर आडवा ठेवून चहाला जायचा. आडवा चिमटा दिसला की मालकसुद्धा त्या पानाला बोट लावत नसत. तुझी पेटी म्हणजे तो चिमटाच की. एक जण आत असला की दुसऱ्या मशीनवर "थांबा" येतं. मुली कुरकुरतात, मला बरं वाटतं.

तुझं काम झालं की पहिल्यांदा आमच्या पेटीला पाठव. पेटी घ्यायची होती तेव्हा मुंबईची एक कंपनी मागं लागली होती. मी सयाजीरावांना म्हटलं, बंगळूरच्या कंपनीत आमची सुखदा आहे, घरातली पहिली पदवीधर. ते म्हणाले, "जयसिंगराव, तुमच्या शब्दावर घेतो." तुझा फोटो पेपरातल्या "स्तुत्य यश" सदरात मी स्वतः लावला होता, दोन कॉलम, हे त्यांच्या लक्षात होतं. तेव्हा आता तुझ्या हातचं काम आमच्याकडे आलं की छाती काढून दाखवीन म्हणतो.

तुझा
जयसिंगकाका


मारतहळ्ळी, बंगळूर
३० ऑगस्ट १९९७

ती. काका,

उंदीर पडद्यावर टेकवल्याचं वाचून इतकी हसले की घरमालकीण गंगव्वा "एनायतु?", काय झालं, करत वर आल्या. त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, मग त्याही हसल्या. तुमची कीर्ती मारतहळ्ळीपर्यंत पोचली.

पण काका, तुम्ही हो म्हणालात आणि मग शिकलात. पेटी शिकत नाही. ती काल जेवढी होती तेवढीच उद्या असणार. तिने येत नसलेलं येतं म्हणावं हे मला पटेना. म्हणून यादी करताना त्या ओळीपुढे मी "नाही" लिहिलं.

अक्कांनी माझं काम ओळ न ओळ वाचलं. त्या ओळीवर थांबल्या. "हे का बदललंस?" मी म्हटलं, "खरं नव्हतं म्हणून." त्यांनी खूप वेळ आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, "मीच कधीतरी लिहिलं असणार. का, ते आठवत नाही. सरी, ठीक आहे, खरं ते राहू दे." स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्याने पुसलं तर आपण किती वाद घालतो! त्यांनी घातला नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचंय.

चाचणीच्या खोलीतल्या सगळ्या मशीनवर चालवून पाहिलं, कुठे अडलं नाही. खोलीही आता छान झालीये. जुनी खोकी एका शाळेला देऊन टाकली, सगळी नवी कोरी मशीनं आलीत. माझी यादी एका पडद्यावर मावते, काका. पूर्वी हेच शोधायला दिवस जायचा. बाजूच्या टेबलावरचा अवधूत म्हणाला, "अगं, हे वाचून आमच्या आजीलासुद्धा कळेल पेटीला काय येतं ते." कोडबद्दल याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

फ्लॉपी कुरियरने पाठवली आहे. लावायची रीत सोबतच्या कागदावर आहे. पहिला मान तुमच्या पेटीचा.

सुखदा


बेळगाव
१४ सप्टेंबर १९९७

चि. सुखदा, आशीर्वाद.

फ्लॉपी लावली. पेटी बंद झाली आणि पुन्हा उठली. सयाजीरावांना खोलीत बोलावून दाखवलं. दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी ते मान हलवून गेले.

इकडे एक गंमत झाली, ती सांगतो. आपले माजी नगरसेवक बसवंतअण्णा. त्यांचा वाढदिवस म्हणजे पाचव्या पानावर मोठी जाहिरात ठरलेली. त्याच पानावर खाली श्रद्धांजल्या असतात. मी पान पाहिलं, सही केली, जेवायला गेलो. नंतर मुलींना दोन बारीक दुरुस्त्या आल्या. एकीला वाढदिवसात, दुसरीला श्रद्धांजलीत. दोघींनी आपापल्या मशीनवर केल्या. सकाळी पेपर हातात घेतला तर अण्णांचा हसरा फोटो, गळ्यात हार, भोवती काळी चौकट. खाली "आपल्या आकस्मिक जाण्याने पोरके झालेले" आणि त्याच्याखाली "शुभेच्छुक : मित्रमंडळ"!

उजाडताच लोक हार घेऊन अण्णांच्या दारात. अण्णा टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश, बाहेर आले. "कोण गेलं रे?" पुढचा माणूस हात जोडून म्हणाला, "अण्णा, तुम्ही." नऊ वाजता त्यातला एक हार घेऊन अण्णा स्वतः प्रेसमध्ये हजर. सयाजीरावांच्या टेबलावर तो ठेवून म्हणाले, "हा तुमचा, पुढच्या वेळी लागेल."

आता सगळं शांत आहे. चूक आमच्या खोलीतलीच, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी सध्या खाली खिडकीजवळ बसतो. उजेड भरपूर आहे, चार माणसं भेटतात. डोळ्यांना आराम.

तुझे बाबा ठीक. कौलांच्या कारखान्यात रात्रपाळी आहे.

जयसिंगकाका


मारतहळ्ळी, बंगळूर
२१ सप्टेंबर १९९७

ती. काका,

डोळ्यांना आराम मिळतोय हे वाचून बरं वाटलं. पण पुढचं नीट वाचा.

तुमचं पत्र चहाच्या वेळी मी सगळ्यांना सांगितलं. हिंदीत, कन्नडमध्ये, हातवारे करून. "अण्णा, तुम्ही" म्हटल्यावर अवधूतच्या नाकातून चहा आला. सगळे हसत होते आणि अक्का हसत नव्हत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्या दोघींची मशीनं जुनी आहेत का?"

मी म्हटलं, हो, पहिल्या खेपेची.

"आणि आपली नवी आवृत्ती तिथे गेलीय?"

मी म्हटलं, हो, सगळ्यात आधी तिथेच.

काका, ते आम्ही केलं. मी केलं. जुन्या मशीनची रीत अशी आहे की त्याला "तुकडा अडवता येत नाही" असं सांगितलं की ते समजतं, इथे अडवण्याची सोयच नाही. मग ते काही मागतच नाही, सरळ लिहायला घेतं. नवं मशीन तसं करत नाही. त्याला "नाही" म्हटलं तर ते म्हणतं, बरं, मग अख्खं पान अडव. आमच्या चाचणीच्या खोलीत सगळी नवीच होती. तुमच्याकडे दोन जुनी मशीनं एकाच वेळी पाचव्या पानात लिहीत होती आणि दोघींपैकी कोणालाही "थांबा" आलं नाही. एकीचं अर्धं आणि दुसरीचं अर्धं असं मिळून अण्णा गेले.

अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता आठवलं. म्हणून मी तिथे हो लिहिलं होतं. जुन्याने तुकडा मागावा, आपण पान अडवावं, कोणाचं नुकसान नाही. पण कारण लिहून ठेवलं नाही, ते माझं चुकलं." मी म्हटलं, चूक माझी आहे. तर म्हणाल्या, "तुझी आहेच. मांडणी बदलायची होती, उत्तर बदलायचं नव्हतं. दोन कामं एकाच हाताने केलीस. पण वाचून हो म्हणणारी मी होते, तेव्हा अर्धी मला दे." रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी पेटीला खरं बोलायला लावलं आणि ते ऐकणारा काय समजेल याचा विचार केला नाही. मला वाटत होतं, खरं म्हणजे खरं, कोणालाही सांगा.

दुरुस्ती चालू आहे. तोवर एकच पान दोघींना देऊ नका. मॉनिटरवर तुमचा चिमटा आडवा ठेवा हवं तर. आणि काका, मला एक सांगा. सयाजीरावांनी विचारलं असेलच. तुम्ही काय सांगितलंत?

सुखदा


बेळगाव
२७ सप्टेंबर १९९७

चि. सुखदा,

तुझं पत्र आलं तेव्हा काकू समोर होती, म्हणून मनात वाचलं.

मला त्या सकाळीच कळलं होतं, पोरी. फ्लॉपी लावल्यापासून "थांबा" यायचं बंद झालं होतं. मुली खूश होत्या, म्हणाल्या, पेटी शहाणी झाली. मला वाटलं, माझ्या सुखदाने काहीतरी सुधारलं असणार, आता थांबावं लागत नाही. विचारायला हवं होतं. अभिमानाने विचारलं नाही.

सयाजीरावांनी विचारलं, "हे कुणाचं काम?" मी म्हणालो, "माझं. सही माझी आहे." विषय संपला. यात मोठेपणा काही नाही. तीस वर्षं झालेल्या माणसाची एक चूक लोक पचवतात. तू लागून अजून दुसरं वर्ष संपलं नाही. "बाईमाणसाच्या हातात दिलं की असं होतं" म्हणायला माणसं टपलेली असतात, तुझ्याकडेही असतील, आमच्याकडे तर आहेतच. आपल्या घरातलं पहिलं नाव त्या पंक्तीत बसलेलं मला बघायचं नाही.

तू दुरुस्ती पाठव, मी गुपचूप लावून घेतो. सयाजीरावांना एक अक्षर कळवायचं नाही. तुझ्या कंपनीनेही नाही. माझी आण आहे तुला.

आणि रडत बसू नकोस. तुझं पत्र वाचून मला काय वाटलं सांगू? आमच्या काळात जुळाऱ्याने प्रूफातली चूक कबूल केली तर पगार कापायचे, म्हणून कोणी करत नसे. तुमच्यात मोठी बाई म्हणते, अर्धी मला दे. अशा ठिकाणी माझी पोर आहे. मी तुला पाठवलं ते बरोबर केलं.

जयसिंगकाका

सुखी, मी काकू. पत्र पाकिटात घालायला दिलंय तर मीही दोन ओळी लिहिते, त्यांना ठाऊक नाही. ते खिडकीजवळ बसतात म्हणजे छोट्या जाहिरातींच्या काउंटरवर बसतात. म्हैस विकणे आहे, खोली भाड्याने देणे आहे, ते घ्यायचं. पानं मालकांनी काढून घेतली. दिवे लागायच्या आत घरी येतात. या माणसाला संध्याकाळी घरात काय करतात ते माहीत नाही. काल माझे सगळे डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. हळद पार शेवटाला गेली, आता मला स्टूल लागतो. तुला काही करता येत असलं तर बघ.


बेळगाव
५ ऑक्टोबर १९९७

काका,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. वर पानांच्या खोलीत, तुमच्या टेबलावर बसून लिहिते आहे.

आज सकाळच्या बसने उतरले आणि प्रेसच्या मागच्या दाराने आत आले, कागदाची रिळं उतरतात तिकडून. पुढून आले असते तर काउंटरवर तुम्ही दिसला असता आणि तुम्ही आण घातली आहे.

दुरुस्ती आधी सांगते, म्हणजे तुमच्या हाताखाली काय आहे ते तुम्हाला कळेल. यादी एकच आहे, माझीच. पण आता पेटी उत्तर देण्याआधी पाहते, विचारणारा कोण आहे. नव्या मशीनला सांगते, "तुकडा येत नाही, अख्खं पान माग." जुन्याला सांगते, "हो, माग." ते तुकडा मागतं, पेटी पान अडवते, दुसरी मुलगी थांबते. आणि यादीतल्या प्रत्येक ओळीशेजारी मी कारण लिहिलंय, कोणासाठी हो आणि का. पुढे माझ्यासारखी कोणी प्रामाणिक मुलगी आली तर तिने पुसण्याआधी वाचावं.

हे तपासायला जुनी मशीनं हवी होती. अक्का स्वतः त्या शाळेत गेल्या आणि आपणच दान दिलेली दोन मशीनं मुख्याध्यापकांकडून थोड्या दिवसांसाठी परत मागून आणली. त्यांच्या स्कूटरवर, मागे मी, मांडीवर मॉनिटर. सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, "अक्का, टीव्ही हाळागिद्या?" त्या म्हणाल्या, "टीव्ही बरा आहे रे, आम्हीच बिघडलोय." दोन जुनी मशीनं जोडली, पाचवं पान उघडलं, आणि दुसऱ्यावर "थांबा" आलं. मी आयुष्यात कुठल्या शब्दावर इतकी खूश झाले नव्हते.

आमच्या साहेबांचं म्हणणं होतं, फ्लॉपी पाठवा आणि सोबत "सुधारित आवृत्ती" एवढंच लिहा. अक्कांनी विचारलं, "सुधारित म्हणजे काय बिघडलेलं होतं, हे त्यांना कोण सांगणार?" साहेब म्हणाले, गिऱ्हाईक जाईल. अक्का म्हणाल्या, "जाईल किंवा राहील. पण तिथे एक माणूस आपल्या चुकीसाठी काउंटरवर बसलाय." तुमच्याबद्दल मी त्यांना सांगितलं होतं. काकूला बोलू नका, तिने तुमच्या पत्राखाली दोन ओळी लिहिल्या नसत्या तर मला कळलंच नसतं. कंपनीच्या कागदावर अक्कांनी सगळं लिहिलं, खाली सही केली, आणि माझ्यापुढे सरकवला. मीही केली.

सयाजीरावांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "तू इथे कंपनीकडून आली आहेस की जयसिंगरावांची पुतणी म्हणून?"

मी म्हटलं, "कंपनीकडून. पुतणी म्हणून आले असते तर त्यांनी येऊ दिलं नसतं."

"मग त्यांनी माझं म्हणून का सांगितलं?"

"तुम्ही 'कुणाचं काम' असं विचारलंत. त्यांना दुसरं नाव घ्यायचं नव्हतं."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, ही पेटी परत असं करणार नाही कशावरून. मी त्यांना वर आणलं. दोन्ही मुलींना एकाच वेळी पाचवं पान उघडायला सांगितलं. एकीला उघडलं, दुसरीला "थांबा". ती मुलगी पटकन म्हणाली, "आलं बघा परत, आता चहा पिऊन येऊ द्या." सयाजीराव हसले. मला रडू आलं, ते मी पेटीच्या मागे वाकून वायर बघतेय असं दाखवलं.

मग ते म्हणाले, "पानं जयसिंगरावांकडे परत देतो. पण बसवंतअण्णांना तू सांगून यायचं. मी जाणार नाही, तो हार अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही."

गेले. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, अगदी पेटी काय म्हणते आणि मशीन काय समजतं तेही. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. मध्येच थांबवून म्हणाले, "ते असू दे. मी गेलो त्या दिवशी दारात किती माणसं होती, तुझ्या काकाने सांगितलं का तुला? गल्ली भरली होती, गल्ली. माझ्या विरोधात मत देणारेसुद्धा हार घेऊन आले होते." आणि आतून चहा मागवला. जाताना म्हणाले, "जयसिंगरावाला म्हणावं, येत्या वाढदिवसाची जाहिरात त्यानेच लावायची. चौकट लाल."

काका, तुम्ही माझ्यासाठी "माझं" म्हणालात. मला कोणी इतकं मोठं काही दिलेलं नाही आणि ते मी ठेवून घेऊ शकत नव्हते. घरातलं पहिलं नाव तुम्हाला जपायचं होतं. त्या कागदावर ते अक्कांच्या सहीखाली आहे, शाईने, पूर्ण. लोक म्हणायचं ते म्हणतील. बाबांना मी जाता जाता भेटते आहे, त्यांनाही सांगणार आहे.

सयाजीरावांनी तुम्हाला खालून बोलवायला माणूस पाठवलाय. जिन्यावर तुमची पावलं वाजायच्या आत मला निघायला हवं, कारण तुम्ही समोर आलात तर माझ्याच्याने बोलवणार नाही. रागवायचं असेल तर पत्रातून रागवा, उत्तर देईन.

आण मोडली. मालकांना सांगून झालं आहे, आणि पाचवं पान तुमच्या नावाने उघडून ठेवलं आहे.

सुखदा